शाळेत ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ची ट्रेनिंग सुरू होऊन राहिली, पैसे भरायचे का? (केजी टू, नागपूर)

मानेवाड्याची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहून राहिली इथे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा पाच वर्षं दोन महिन्यांचा, केजी टूमध्ये आहे, शाळा मानेवाडा भागातलीच, नाव नाही लिहीत. वर्गात वयानं सगळ्यात लहान तोच. मागच्या शनिवारी पीटीएम झाली त्यात टीचर म्हणाल्या की हा एका जागी बसत नाही, सांगणं पूर्ण व्हायच्या आधीच उठून कामाला लागतो अन् मग भलतंच करून ठेवतो, दुसऱ्या मुलाला विचारलं तरी उत्तर हाच ओरडतो, पाण्याची बाटली तर रोज वर्गातच राहते. “वही काढा, आजचं पान उघडा, मग खालचं चित्र रंगवा” असं म्हटलं की वही काढतो आणि तिथेच थांबतो, बाकीचं जसं ऐकलंच नाही. मला वाईट वाटलं पण टीचर चुकीचं बोलल्या असंही वाटलं नाही, कारण घरी तेच आहे, मोजे आणायला आतल्या खोलीत जातो आणि दहा मिनिटांनी बिनमोज्याचा गाडी खेळताना सापडतो.

आता शाळेनं सर्क्युलर पाठवलं. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास टॅबवर मेंदूचे गेम, वर्षाचे साडेसहा हजार, आणि लिहिलंय की यानं मुलांची एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स वाढतात आणि पहिलीत अभ्यास सोपा जातो. मिस्टर म्हणतात भरून टाक, पोराच्या भल्याचं आहे. सासूबाई म्हणतात याचा बापही असाच होता, आपोआप सुधारला. मला दोन्ही पटत नाही. हे एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणजे नेमकं काय असतं, ते शाळेत शिकवता येतं का, आणि टॅबवर येतं का? कोणाच्या घरी असं लेकरू असेल तर प्लीज सांगा. दोन रात्री झाल्या, नीट झोप नाही.

त्रिमूर्तीनगर_बाबा

ताई, मोठ्या मुलीसाठी आम्ही असंच ॲप घेतलं होतं, आठ महिने चालवलं, ती तेव्हा सहाची होती. त्यात चौकोन ज्या क्रमानं चमकतात तो लक्षात ठेवून बोट लावायचं असतं. पोरगी त्यात इतकी तयार झाली की मी आणि तिची आई दोघंही हरायचो, शेवटच्या लेव्हलपर्यंत गेली. आणि त्याच महिन्यात तिचे दोन डबे अन् एक स्वेटर शाळेत हरवलं. गणिताच्या वहीत जिथे होती तिथेच होती. ॲपवाल्यांना फोन केला तर म्हणाले पुढचं पॅकेज घ्या. तिथेच बंद केलं. पैसे भरायच्या आधी शाळेला एवढंच विचारा की गेममध्ये मार्क वाढले म्हणजे वर्गात काय बदलतं ते दाखवा.

बालवाडीताई

मी नंदनवनात बालवाडी चालवते, बावीस वर्षं झाली, सध्या अठ्ठावीस लेकरं आहेत माझ्याकडे, साडेतीन ते सहा वयाची. तुमचं पत्र वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो जड शब्द बाजूला ठेवू. त्यात तीन गोष्टी येतात. एक, दम धरता येणं, म्हणजे जे करायची ऊर्मी आली ते थांबवून जे करायचं ठरलंय ते करणं. दुसरी, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवून त्याप्रमाणे काम करणं. तुमचा मुलगा वही काढून थांबतो नं, तो ऐकत नाही असं नाही, वही काढेपर्यंत पुढच्या दोन गोष्टी निसटून जातात. याला वर्किंग मेमरी म्हणतात. आणि तिसरी, नियम बदलला की आपणही बदलणं, काल लाल डब्यात मणी टाकायचे होते आज निळ्यात, हे काही लेकरांना खूप जड जातं, रडतात. पाच वर्षांच्या मुलात हे तिन्ही कच्चं असतं आणि कच्चं असणं बरोबरच आहे, मेंदूचा कपाळामागचा जो भाग हे सांभाळतो तो विशी ओलांडली तरी पक्का होत राहतो.

आता शाळेत काय करता येतं. मी काय करते ते सांगते. तळ्यात-मळ्यात आपण सगळे खेळलो आहोत. पहिला आठवडा सरळ खेळते, मग वेग वाढवते, “तळ्यात, तळ्यात, तळ्यात, मळ्यात!” आणि मधेच सलग चार वेळा तळ्यात म्हणते, अर्धी लेकरं सवयीनं उडी मारून मोकळी. मग तिसऱ्या आठवड्यात उलटं तळ्यात-मळ्यात, मी तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होतो, एकमेकांवर आदळतात, हसून हसून पडतात. मग मी सांगते की उडी मारायच्या आधी नियम हळू आवाजात स्वतःला सांगा. दोन-तीन दिवसांत ओठ हलताना दिसायला लागतात आणि पाय थांबायला लागतात. हा तो क्षण आहे ज्याच्यासाठी मी हे सगळं करते, तो पाय उचलतो, मधेच थांबवतो, आणि खाली ठेवतो.

एक गोष्ट मात्र पक्की पाळते, कोणालाच आऊट करत नाही. शिवाजी म्हणतो, स्टॅच्यू, तळ्यात-मळ्यात, सगळ्या खेळांत आपण चुकलेल्याला बाहेर बसवतो, म्हणजे ज्या लेकराला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच भिंतीला टेकून बसतं आणि ज्याला आधीच येतं ते शेवटपर्यंत खेळतं. कित्येक वर्षं मीही तसंच करायची. आता चुकलं की फक्त “परत” म्हणते.

दुसरं, खेळघर. दुकान दुकान खेळायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं की मी कोण होणार आणि आधी काय करणार. एक पोरगी म्हणते मी संत्रेवाली, आधी टोपली भरणार, मग गिऱ्हाईक. तेवढं ती कागदावर काढते, नुसती रेघोटी असली तरी चालते. वीस मिनिटांनी ती दुसरीकडे कोणाचे ठोकळे पाडत असली तर मी रागावत नाही, तिचा कागद दाखवते आणि विचारते, “तुझ्या चित्रात काय ठरलं होतं?” बहुतेक वेळा स्वतःच परत जाते. आणि पुस्तक बघायला जोड्या लावते तेव्हा एकाच्या हातात कानाचं चित्र, दुसऱ्याच्या हातात ओठाचं. ओठवाला गोष्ट सांगणार, कानवाला ऐकणार, मग अदलाबदल. चार वर्षांच्या मुलाला “गप्प ऐक” म्हणून काही होत नाही पण हातात कान असला की तो खरंच ऐकतो, कोणी मधे बोललं तर आपल्या कानाकडे बघतो आणि तोंड मिटतो.

तुमच्या मुलासाठी टीचरना एवढं सांगून बघा: तीन सूचना एका दमात देऊ नका, दोन द्या आणि त्याच्याकडून वदवून घ्या. फळ्याच्या कोपऱ्यात वही, पान, रंगखडू अशी तीन चित्रं काढली तरी पुरे. आणि काम करताना तो स्वतःशी पुटपुटत असेल तर त्याला गप्प करू नका, ते पुटपुटणं म्हणजे तो स्वतःला धरून ठेवून राहिला आहे.

अजून एक, ओरडून उत्तर सांगतो म्हणजे त्याला उत्तर येतं. हे पीटीएममध्ये कोणी बोललं का?

मानेवाड्याची_आई

ताई शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले. नाही, कोणी नाही बोललं.

बुटीबोरी_शिफ्ट

वाचून राहिलो सगळं. मला एक सांगा, ताईंकडे अठ्ठावीस आहेत, माझ्या पोराच्या वर्गात पंचावन्न आहेत अन् एकच टीचर, एक मावशी आहे ती पूर्ण वेळ बाथरूमलाच नेऊन आणून थकते. तिथे कोण कान अन् ओठ वाटत बसणार? हे सगळं छोट्या शाळांचं आहे का?

दुसरं म्हणजे मी मोबाईलवर ती परदेशातली टेस्ट पाहिली, मुलासमोर एक मिठाई ठेवतात, थांबला तर दोन मिळतात, जो थांबतो तो पुढे आयुष्यात यशस्वी होतो म्हणे. मी घरी पेढा ठेवून पाहिलं. पोट्ट्यानं दोन मिनिटांत खाल्ला. तेव्हापासून डोक्यातून जाऊन नाही राहिलं. चार वर्षं नऊ महिन्यांचा आहे. काही प्रॉब्लेम आहे का?

धंतोली_समुपदेशक

भाऊ, आधी तुमचं, कारण तुमची काळजी मिटवायला हवी. ही टेस्ट वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नर्सरीत सुरू केली, आणि थांबणारी मुलं पुढे अभ्यासात बरी निघाली असं त्या छोट्या गटात दिसलं होतं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी खूप मोठ्या आणि वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर तेच तपासलं, तर संबंध बराच कमी निघाला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण हे हिशेबात धरलं की अजूनच आटला. म्हणजे पेढ्यावरून पोराचं भविष्य वाचू नका.

याच धर्तीचा दुसरा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. त्यात मिठाई ठेवायच्या आधी मोठ्या माणसानं मुलांना सांगितलं, थांब, तुझ्यासाठी छान रंग घेऊन येतो. अर्ध्या मुलांना खरंच आणून दिले, अर्ध्यांना “सॉरी, नाहीत” म्हटलं. मग मिठाईची टेस्ट. ज्यांना शब्द पाळलेला माणूस भेटला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं गेलं ती ३ मिनिटं. दोन्हीकडची मुलं सारखीच, वय तेच. थांबण्यात अर्थ आहे की नाही हे लेकरू आपल्याकडे बघून ठरवतं. त्यामुळे घरी “उद्या आणतो” म्हटलं तर उद्या आणा, नाही जमणार तर “उद्या” म्हणू नका.

आता मूळ प्रश्न. मी मुलांसोबत काम करते, या विषयातलं वाचणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. बालवाडीताईंनी कान-ओठ आणि खेळाआधीची चित्रं लिहिली ती पद्धत अमेरिकेत एलेना बोद्रोव्हा आणि डेबोरा लिऑन्ग यांनी बसवली, नाव ‘टूल्स ऑफ द माइंड’, मुळात रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचे विचार. २००७ मध्ये ॲडेल डायमंड यांनी ‘सायन्स’ मासिकात १४७ मुलांचा अभ्यास छापला, गरीब वस्तीतली मुलं होती, या वर्गातली मुलं एक्झिक्युटिव्ह फंक्शनच्या कठीण चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती. सगळीकडे गाजावाजा झाला. पण नंतर डेल फॅरन आणि सँड्रा विल्सन यांनी हीच पद्धत बऱ्याच शाळांमध्ये तपासली तेव्हा इतर वर्गांपेक्षा काही फायदा दिसला नाही. मी यातून असा अर्थ घेते की पुस्तिका वाटून आणि चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन हे होत नाही, ती टीचर दिवसभर लेकराशी कशी वागते त्यावर सगळं आहे. आणि ज्या वर्गात टीचर थकलेली आणि मुलं पंचावन्न तिथे ते अवघडच. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, केजी त्याच्या बाहेर राहतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त गर्दी होते. पालकांनी टॅबच्या ऐवजी दुसरी टीचर मागावी असं मला मनापासून वाटतं, साडेसहा हजार गुणिले पंचावन्न करून बघा, किती होतात.

टॅबचं म्हणाल तर उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. मेलबर्नमध्ये पहिलीतल्या, वर्किंग मेमरी कमी असलेल्या साडेचारशेच्या आसपास मुलांपैकी निम्म्यांना शाळेतच कॉम्प्युटरवर वीस-पंचवीस सेशन दिले आणि दोन वर्षं मागोवा घेतला, २०१६ मध्ये निकाल छापला. वाचन, स्पेलिंग, गणित, कशातच फायदा नाही. त्रिमूर्तीनगरच्या भाऊंची मुलगी जशी गेममध्ये पुढे गेली आणि डबा विसरत राहिली तसंच. सराव ज्याचा केला ते सुधारतं. बाटली आणायची तर बाटलीचाच सराव.

ताई, तुम्ही लिहिलं की वर्गात सगळ्यात लहान तोच. हे हलक्यात घेऊ नका. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये शाळेत वर्ग ३१ डिसेंबरच्या जन्मतारखेवर ठरतो, तिथे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा अतिचंचलतेचं निदान होण्याची शक्यता मुलग्यांत ३० टक्के आणि मुलींत ७० टक्के जास्त निघाली, २०१२ चा अभ्यास आहे. अकरा महिन्यांनी लहान असणं हा आजार नाही, पण वर्गात तो आजारासारखा दिसतो.

तरी दोन गोष्टी करून घ्या. कानाची तपासणी, कारण सर्दीनं कानात पाणी साचलं तर या वयात ऐकू कमी येतं आणि मूल “ऐकत नाही” असं दिसतं. आणि झोप बघा, किती वाजता झोपतो ते लिहा. यापुढेही घरी, शाळेत, आजीकडे सगळीकडे त्रास राहिला तर बालविकास तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा, आणि इतक्या लहान वयात औषधाच्या आधी आई-वडिलांचं प्रशिक्षण हाच पहिला उपाय धरला जातो, त्यामुळे घाबरून टाळू नका.

बालवाडीताई

बुटीबोरीच्या भाऊंना: माझ्याकडेही एक वर्ष सेहेचाळीस होती, शेजारची बालवाडी अचानक बंद झाली म्हणून. तेव्हा खेळघर नाही जमलं, खरं सांगते. पण तळ्यात-मळ्यातला मुलं जितकी जास्त तितकी मजा जास्त, त्याला काही लागत नाही. आणि मी काय केलं तर रांगा बंद केल्या. पाण्याची रांग, हात धुवायची रांग, डब्याची रांग, रोजचा पाऊण तास लेकरं नुसती उभी राहायची आणि उभी राहिली की ढकलाढकली, मग ओरडा. दहा दहाचे गट केले, एक गट पाण्याला, बाकीचे गाण्यात. वर्गातली निम्मी भांडणं त्या आठवड्यात संपली. मोठ्या मुलांतला एकेक “पाणी-प्रमुख” केला, त्यानं मोजून दहा पाठवायचे आणि परत आले का ते बघायचं. जो सगळ्यात दांडगा होता त्यालाच पहिला प्रमुख केलं होतं.

उमरेडचे_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता रिटायर आहे, नातू सहा वर्षांचा आहे. आपली चर्चा वाचून आनंद झाला आणि थोडी खंतही वाटली की हे सगळं परदेशातून आल्यासारखं बोलून राहिले लोक. मॅडमनी सांगितलेले अभ्यास खरे असतील, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्याकडे गेल्या, आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

त्या सगळ्यात हेच होतं. काठोकाठ भरलेला पेला न सांडता नेणं, चिंचोके वेगळे करणं, चटई गुंडाळून जागेवर ठेवणं. माँटेसरीच्या वर्गात प्रत्येक साहित्य एकच असतं, दुसऱ्याच्या हातात असलं तर त्याचं होईपर्यंत थांबायचं, कोणी उपदेश करत नाही, वस्तूच थांबायला शिकवते. आणि शांततेचा खेळ! मी तो दुसरीपर्यंत घ्यायचो. सगळे डोळे मिटून बसतात, मी दाराबाहेर जाऊन अगदी हळू आवाजात एकेकाचं नाव घेतो, ज्याचं नाव ऐकू आलं तो आवाज न करता उठून येतो. पन्नास पोरांचा वर्ग, मे महिना जवळ आलेला, बाहेर ऊन रणरणतं, आणि वर्गात छतावरच्या पाखरांचं पाऊल ऐकू यायचं. ज्याचं नाव शेवटी येतं त्याला किती दम धरावा लागतो विचार करा. मी मुद्दाम सगळ्यात चळवळ्या पोराचं नाव एक दिवस पहिलं, दुसऱ्या दिवशी मधे, आठ दिवसांनी शेवटी घ्यायचो. हळूहळू लांबवायचं, हे महत्त्वाचं, पहिल्याच दिवशी शेवटी ठेवलं तर तो हरतो.

आणि आपल्या विदर्भात भुलाबाई आहे नं बाप्पा, पोरींचा गाण्यांचा सण! गाण्यात कडव्यागणिक एकेक गोष्ट वाढत जाते आणि पोरींना सगळी साखळी तोंडपाठ ठेवावी लागते. मग खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, घरच्या पोरीला माहीत असतं आत काय आहे, पन्नास जणी विचारतात आंबट की गोड, तळलेलं की भाजलेलं, आणि तिला खरं सांगायचं पण नाव नाही सांगायचं. याच्यापेक्षा कठीण परीक्षा कोणत्या टॅबमध्ये आहे? आता तर भादव्याची पौर्णिमा जवळच आली. मुलगा आहे म्हणून बाजूला बसवू नका, त्याला खिरापत सांभाळायला द्या. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, बैल सजवायचा तर आधी काय लागेल ते त्याच्याकडूनच वदवून यादी करा, कागद, डिंक, घुंगरू, आणि बाजारात त्यालाच विचारा पुढे काय राहिलं.

मानेवाड्याची_आई

साडेतीन आठवड्यांनी लिहून राहिली, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. सगळ्यांचं वाचून वहीत उतरवून ठेवलं होतं.

आम्ही तीन आया मिळून शाळेत गेलो. भांडायला नाही, विचारायला गेलो. टॅबनं वर्गात काय बदलेल असं विचारलं तर कंपनीचं रंगीत पत्रक दाखवलं, त्यात गेमचेच मार्क होते. मी नाही भरले. टीचरशी वेगळी बोलली, ती बिचारी चांगली आहे, पहिलंच वर्ष आहे तिचं, बेचाळीस मुलं सांभाळते. मी म्हटलं तो ओरडतो ते चूकच आहे पण उत्तर बरोबर असतं का, तर ती थोडा वेळ गप्प बसली अन् म्हणाली, बहुतेक वेळा बरोबर असतं. फळ्यावर तीन चित्रं काढायला लागली आहे, सगळ्यांसाठीच. चित्रं असली तर रंगवण्यापर्यंत जातो आता, नसली तर अजूनही वही काढून थांबतो.

कान तपासले, ठीक आहेत. झोप लिहायला लागली तेव्हा लक्षात आलं की रोज साडेअकरा होत होते, बाबा उशिरा येतात म्हणून त्यांच्यासाठी जागा राहायचा. आता साडेनऊला दिवा बंद, बाबा सकाळी त्याला उठवतात आणि वीस मिनिटं फक्त त्याचीच. पहिले चार दिवस रडला. बाटलीचं सांगायचं तर सहा दिवसांत दोनदा येते. आधी एकदाही येत नव्हती. दारामागे चप्पल, डबा, बाटली, रुमाल अशी चित्रं लावलीत, कपड्याचा चिमटा तो स्वतः सरकवतो.

गुरुजी, तुमच्यासाठी खास. आमच्या गल्लीत भुलाबाई बसली आहे, पोरींना विचारून मी आमच्या घरची खिरापत ठेवली आणि डबा त्याच्या मांडीवर दिला. पहिल्या दिवशी कोणी विचारायच्या आधीच “शंकरपाळे आहेत!” म्हणून ओरडला, पोरी हिरमुसल्या, तोही. दोन दिवसांनी परत त्यालाच दिला. तेव्हा डबा गुडघ्यात आवळून दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता, नुसती मान हलवून हो-नाही सांगून राहिला, कान लाल झाले होते. पोरींनी सोळा नावं घेतली. नाही सांगितलं त्यानं. शेवटी “हरलो” म्हटल्यावर झाकण उघडलं आणि मग जे नाचला.

आता प्रश्न हा की दारामागची चित्रं कधी काढायची? कायम ठेवली तर सवय लागेल का?

बालवाडीताई

एकदम सगळी नका काढू. रुमाल तो विसरत नसेल तर आधी रुमालाचं चित्र काढा, आठ दिवस बघा. मग डब्याचं. बाटलीचं राहू द्या, दिवाळीनंतर बघू. आणि खिरापतीत मोदक ठेवून पाहा एकदा, ते कोणालाच ओळखू येत नाहीत, गणपती होऊन गेल्यावर कोणाच्या डोक्यातच येत नाही.